पत्र क्रमांक दोनशे चौदा

"कोण्हीं हात लाविला ह्याला?"

अंबुजाचा आवाज काचेपलीकडच्या गुरुमूर्तिपर्यंत पोचला. तो कॉफी तशीच टाकून बाहेर आला.

"काय झालं, अक्का?"

"हे पाह. दोनशें चौदा. 'मोडर' कोठें गेलं?"

कुंभकोणमच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, परदेशी प्रकाशकांची पुस्तकं छपाईसाठी तयार करून देणारी ही कंपनी. अंबुजाची इथे सव्वीस वर्षं झाली होती. जवळच्या इन्नंबूर गावाहून रोज बसने यायची. गुरुमूर्ति तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण साहेब. तंजावरी मराठी बोलणारे ऑफिसात ते दोघंच, त्यामुळे काम तमिळमध्ये आणि भांडण मराठीत.

चार महिने ती एकाच पुस्तकावर होती. उत्तर जर्मनीतल्या एका मठातल्या ननांनी पाचशे वर्षांपूर्वी लिहिलेली पत्रं. हस्तलिखितांचे फोटो समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं. या बायका वाक्य लॅटिनमध्ये सुरू करीत आणि मध्येच घरच्या जर्मन बोलीत शिरत. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहीत. पहिला महिनाभर अंबुजा त्यांच्यावर वैतागली होती. मग सवय झाली. तिच्या घरातही वाक्य मराठीत उठून तमिळमध्ये बसायचं.

आणि काल चेन्नईच्या मुख्य ऑफिसाने आणलेलं नवं सॉफ्टवेअर सगळ्या फायलींवरून फिरलं होतं. शुद्धलेखन 'एकसारखं' करायला, आधीची प्रत न ठेवता.

दोनशे चौदावं पत्र एका कोवळ्या ननने आजारी आईला लिहिलेलं. पत्रभर शिकवल्यासारखं लॅटिन. शेवटच्या ओळीत मात्र ते सुटतं, आणि ती घरच्या शब्दात हाक मारते, 'मोडर'. तिथे आता लॅटिन 'मातेर' बसलं होतं.

"अर्थ तोच की, अक्का. आई म्हणजे आई."

"अणि बाकी तीनशें पत्रांत काय बदललंय तें कोण सांगणार?"

"फायली आज पांचाला जात्यात. कोण वाचणार हें? जगांत पन्नास माणसं."

"मग त्या पन्नासांस खोटें द्याचं?"

"तपासणीच्या यादीवर सही कर, अक्का. पुरे झालं."

"तुझी आई गेली तेव्हां तूं कोण्या भाषेंत हाक मारलीस रे? मी होतें तिथें."

गुरुमूर्तिने तिच्या टेबलावरची यादी उचलली. मग म्हणाला, "सही मीच करतों," आणि आत गेला.

पुस्तकाच्या परदेशी संपादिकेला थेट लिहायचं नाही असा कंपनीचा नियम होता. अंबुजाने तिला चार वाक्यांचं इंग्रजी पत्र लिहिलं: पानं तयार नाहीत, चूक आमची आहे, दहा दिवस द्या, क्षमा असावी. बटण दाबल्यावर तिला दहीभात गेला नाही.

साडेचारला उत्तर आलं. बाईंनी दहा दिवस दिले होते आणि आभार मानले होते. उत्तराची प्रत चेन्नईलाही गेली होती; लगेच तिथून फोन आला. काचेआड गुरुमूर्ति उभा राहून मान हलवत होता.

बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "दहा दिवस. मग तुला ह्या कामावरून काढणार. मला विचारलं असतंस तर..."

"विचारलं की. सकाळीं."

एकटीने फोटो आणि पडदा ताडून पाहणं फार सावकाश चाले. चुका निघत होत्या, एकाच पत्रात नऊ. मान भरून येई. चौथ्या दिवशी गुरुमूर्ति काही न बोलता शेजारी खुर्ची ओढून बसला. तो फोटोवरून एकेक अक्षर वाची, ती पडद्यावर बघे. दोनशे चौदाच्या शेवटच्या शब्दाशी तो अडखळला. "कॉफी आणतों," म्हणून उठून गेला. तिने 'मोडर' परत घातलं.

दहाव्या दिवशी दुपारी फायली गेल्या. संध्याकाळी संपादिकेने विचारलं, प्रस्तावनेत आभार मानायचे आहेत, ज्यांनी हे काम केलं त्यांचं नाव काय? चेन्नईने कंपनीचं नाव कळवलं. गुरुमूर्तिने ते पत्र तिला दाखवलं आणि तो तिथेच उभा राहिला.

"स्पेलिंग बरोबर अहे," अंबुजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल जिन्याजवळ हलवलं होतं. त्यावर रसायनशास्त्राच्या सराव-प्रश्नांचा गठ्ठा होता. तिने चष्मा पुसला, पहिलं पान ओढलं. तिसऱ्या प्रश्नात एक स्वल्पविराम जास्त होता. तिने तो काढला.