हॅम्बुर्गमधले वेगवेगळे दिवस

हॉटेलच्या दारात योरुनने पाठपिशवी उतरवली तेव्हा तिच्या मागे चार महिने आणि सतराशे किलोमीटर होते. ती आणि तिचा नवरा आयलिफ नॉर्वेच्या सरहद्दीवरून जूनमध्ये निघाले होते. बर्फ पडायच्या आत जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडनझे सरोवराला पोचायचं होतं. दोघंही नुकतेच निवृत्त झालेले. तो फेरीबोटींवर मेकॅनिक होता, ती दातांच्या दवाखान्यात.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आयलिफ थेट लिफ्टपाशी गेला.

"आता दोन जिने जड झाले होय तुला?" ती म्हणाली.

"लिफ्ट आहे म्हटल्यावर चढायचं कशाला?"

तो तासभर टबमध्ये पडून राहिला. पाणी चहासारखं झालं. मग ती बसली, पाणी दोनदा बदलून. ओला तंबू त्यांनी पडद्याच्या दांडीवर टाकला आणि संध्याकाळ व्हायच्या आत दोघं पांढऱ्या चादरींवर आडवे झाले. पलंग एवढा रुंद होता, की एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळत नव्हतं. तंबूत एक वळला की दुसऱ्याला वळावंच लागे.

दुसरा दिवस कपडे धुण्यात आणि खाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला दालचिनीचा पाव तोडता तोडता ती म्हणाली, "आज मी एकटीच फिरणार आहे."

आयलिफने कप खाली ठेवला. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे. चार महिने तुझी पाठ बघतेय. पिशवीवरचं ठिगळ मला आता डोळे मिटूनही शिवता येईल."

"मग पुढे चालायचंस."

"म्हणजे तू मागून शिट्टी वाजवणार. तीच ती तीन सुरांची."

"शिट्टी चांगली वाजवतो मी," तो म्हणाला; पण चिडला नाही.

योरुन आधी केस कापायला गेली. कोमट पाण्याखाली मान टेकवून, कुणाच्या तरी बोटांनी डोकं चोळून घेताना तिला झोप येऊ लागली. केस कापणाऱ्या बाईने विचारलं, "कशा आलात?"

"चालत."

"बरं केलंत. बसला आज फार गर्दी आहे."

योरुनने खुलासा केला नाही. दुपारी ती सिनेमाला गेली. जर्मन निम्मंच कळलं, पण खुर्ची मऊ होती. नंतर खानावळीत मासे आणि बटाटे आले, चिनीमातीच्या ताटलीत. खाऊन झाल्यावर ताटली दुसऱ्याच कुणीतरी उचलून नेली. ती रिकाम्या टेबलाकडे थोडा वेळ बघत बसली.

परतताना एका कॅफेच्या काचेतून तिला आयलिफ दिसला. त्याच्यापुढे केकचे दोन तुकडे होते, एक अर्धा खाल्लेला. शेजारच्या टेबलावरच्या म्हातारीला तो हात पसरून काहीतरी सांगत होता, बहुतेक एखाद्या इंजिनाबद्दल, आणि दोघंही हसत होते. त्याने दाढी काढली होती. गाल आत गेले होते. इतकी बारीक झालेली ही मान आपल्या लक्षातच आली नव्हती, असं तिला वाटलं.

काचेवर टिचकी मारायला तिने हात उचलला, पण मारली नाही. कोट सारखा केला आणि ती पुढे निघाली.

संध्याकाळी तिने विचारलं, "कुठे कुठे गेलास?"

"असाच. बंदरावर बोटी बघितल्या." केकचं नाव त्याने काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अगं, केस कापलेस!"

"मला येऊन अर्धा तास झाला."

"समोरून बघायची सवय गेली ना." तो बुटांच्या नाड्या सोडत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "अजून दोन दिवस राहू या का? असेच. वेगवेगळे."

"राहू या," ती म्हणाली.

ते दोन दिवस राहिले. निघायच्या सकाळी आयलिफ तिला गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला आणि एका माणसापुरता तंबू दाखवा म्हणाला.

"मुलासाठी का?" विक्रेत्याने विचारलं.

"छे. हिच्यासाठी. म्हणजे तसा माझ्यासाठीच."

योरुनला हसू आवरेना. विक्रेत्याला काही कळलं नाही, पण त्याने तंबू पसरून दाखवला. सव्वा किलोचं ते जादा ओझं आयलिफने आपल्या पिशवीत घेतलं.

त्या संध्याकाळी शहराच्या दक्षिणेला, माळाच्या कडेला, दोन तंबू एकमेकांपासून दहा पावलांवर उभे राहिले. आयलिफने आपल्या तंबूतून हाक मारली, "कॉफी घेणार का?"

"साखर घालून," ती आतूनच म्हणाली.

ऑक्टोबरच्या अखेरीस थंडी वाढली तेव्हा तीन रात्री ते एका तंबूत झोपले. मग पुन्हा दोन तंबू. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते सरोवराला पोचले, तेव्हा योरुन पुढे होती आणि आयलिफ बराच मागे, शिट्टी ऐकू येणार नाही इतका.