तुकोजींच्या सूर्याची हनुवटी

दिव्यवस्त्र बाजूला झालं आणि अडीचशे माणसं एका सुरात ओरडली. मिलचा भोंगा बंद होऊन दीड वर्ष उलटलं होतं. त्यानंतर परदेशीपुऱ्यात, या गिरणी कामगारांच्या वस्तीत, एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच निघाला.

कागदावर काळ्या शाईत सूर्य छापलेला होता, खाली पेन्सिलने क्रमांक : एकसष्ट, एकूण एकशे आठपैकी. क्षणापूर्वी काळा असलेला सूर्याचा चेहरा आता सोन्यासारखा झळकत होता. चाळ कमिटीचे अध्यक्ष तुकोजी ते चित्र डोक्यावर धरून रडू लागले.

"देखो भक्तगण!" भानुबाबा गरजले. "कागज वही, स्याही वही! मग सोना कुठून आला? भीतर से! आत्मा से! एकशे आठ घरांत एकशे आठ सूर्य उगवले, की दुसऱ्या सकाळी मिल चालू!"

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या शोभना दिघे यांनी मान डोलावली. पण ती बाबांसाठी नव्हती. त्या शाळेत चित्रकला शिकवत, घरी छापचित्रं काढत, आणि तो पेन्सिलचा क्रमांक त्यांच्या ओळखीचा होता. मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर क्रमांक टाकायचा, मग छापायची प्लेट खोडून टाकायची, हा छापचित्रवाल्यांचा रिवाज. परमेश्वरही त्याच पद्धतीने काम करतो हे वाचून त्यांना बरं वाटलं.

विधी सोपा होता. काळ्या चित्रावर सोनेरी दिव्यवस्त्र पसरायचं, दोन्ही बाबांसमोरच्या तपोशिलेवर पालथी दाबायची, बाबांनी मंत्र म्हणायचा. शिळा हाताला चटका देई. ती बाबांच्या तपश्चर्येने तापते, असं शिष्य श्रीराम सांगे. वीज गेली की तपश्चर्याही निवत असे, आणि ती परत येईपर्यंत बाबा मौन धरत. यात कोणालाच काही खटकलं नव्हतं.

तुकोजींच्या मागे मीराबाईंचा नंबर होता. मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळत बावीस वर्षं काढलेली, एकटी राहणारी विधवा. त्यांचा सूर्य काळाच निघाला.

"पाप की छाया!" बाबा म्हणाले. "एक घर काळं, तर एकशे सात सोनेरी असून काय फायदा?"

एरवी दिव्यवस्त्र विसर्जनासाठी जपून परत घेणाऱ्या श्रीरामने रागाच्या भरात चित्र आणि वस्त्र दोन्ही मीराबाईंच्या अंगावर भिरकावली. संध्याकाळपर्यंत चाळीत सगळ्यांना कळलं की मिल मीराबाईंमुळे बंद आहे. कमिटीने निरोप धाडला : रविवारपर्यंत खोली खाली करा.

दुसऱ्या सकाळी मीराबाई शोभनाताईंकडे आल्या. "मॅडम, तुम्ही चित्रांतल्या जाणकार. माझं काय पाप ते या कागदात दिसतं का, बघा ना."

शोभनाताईंच्या ओट्यावर इस्त्री, गोंद आणि लग्नपत्रिकांच्या बाजारातून आणलेली सोनेरी बेगडाची पन्नी पसरली होती. मिलच्या चिमणीचं चित्र, अकरा प्रती, आणि त्यातल्या धुराला सोनं लावायचा त्यांचा खटाटोप महिनाभर चालला होता. त्यांनी मीराबाईंचं दिव्यवस्त्र खिडकीत धरलं. मधोमध आरपार दिसत होतं, अगदी सूर्याच्या आकारात.

"हौ, दिसतं ना," त्या म्हणाल्या. "पण तुमचं नाही. श्रीरामचं. चिक्कूपणा! हे वस्त्र म्हणजे हीच पन्नी, आणि तीही एकदा वापरलेली. माझी सातवी प्रत अशीच फसली, मीही वापरलेली पन्नी पुन्हा लावली होती. तुमच्या पुढे कोण होतं?"

"तुकोजी."

"मग तुमचं सोनं त्यांच्या भिंतीवर आहे."

रविवारी शोभनाताई इस्त्री घेऊन बाबांच्या मंडपात शिरल्या. गर्दी खवळली.

"ए मॅडम, निकलो यहां से!"

"भिया, हिला हटव! मिल चालू व्हायला नको हिला!"

"पाचच मिनिटं," शोभनाताई म्हणाल्या. "तुकोजी, तुमच्या सूर्याच्या हनुवटीवर काळा डाग आहे का?"

"तो तीळ आहे," तुकोजी तोऱ्यात म्हणाले. "देवाचा."

तीळ दाखवायला त्यांनी चित्र घरून मागवलं, आणि शोभनाताईंनी त्यावर मीराबाईंचं वस्त्र ठेवलं. आरपार आकार सोन्यावर तंतोतंत बसला. हनुवटीवर जिथे तीळ होता, तिथेच पन्नीला सुरकुती पडून सोन्याचा ठिपका वस्त्रावर राहिला होता. पुढच्या रांगा वाकून बघू लागल्या.

मग शोभनाताईंनी मीराबाईंचा पापी सूर्य घेतला, त्यावर कोरी पन्नी ठेवली, इस्त्री फिरवली, निवू दिलं आणि पन्नी सोलली. सूर्य झळाळला.

"सूर्यावर गोंद आधीच छापलेला आहे. तापला की चिकटतो आणि पन्नीवरचं सोनं ओढून घेतो. बस, एवढंच." त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यावर गोंदाने वांगं काढलं होतं. इस्त्री फिरली, वांगंही सोन्याचं झालं. "बाबाजी, आता या वांग्याच्या आत्म्याबद्दल काही सांगा."

बाबांनी मौन धरलं. वीज चालू असताना पहिल्यांदाच.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," शोभनाताई लोकांकडे वळल्या. "घरी इस्त्री आहे, बाजारात पन्नी आहे. मंत्र न म्हणता करून बघा. आणि मिल का बंद पडली, तेही असंच तपासा. ती बंद करायचा हुकूम निघालाय, त्यावर माणसांच्या सह्या आहेत. वाचा तरी!"

श्रीराम तपोशिलेची वायर गुंडाळू लागला होता. तुकोजी खाकरले. "मीराबाई, जरा गैरसमज झाला. खोलीचं विसरून जा."

"गैरसमज नाही, तुकोजी," मीराबाई म्हणाल्या. "मिल बंद करणाऱ्यांचं नाव घ्यायला तुम्हाला भीती वाटत होती. माझं घ्यायला वाटली नाही. उद्या मी कचेरीत त्या हुकमाची नक्कल मागायला जातेय. दहा वाजता. येताय?"