फेरीने गेलेला डबा

धम्मदीपा हॅम्बर्गला पोचली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा होत्या, आणि त्यांतल्या एकीचा निम्मा भाग तिचा नव्हताच. नांदेडला त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंनी तो भरून दिला होता. त्यांची लेक शैला बरीच वर्षं हॅम्बर्गला होती. तिच्यासाठी काळा मसाला, बाजरीच्या खारोड्या, शेंगदाण्याची चटणी आणि प्लास्टिकच्या बरणीत तिळाचे लाडू. परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेवर सगळ्या गल्लीचा हक्क असतो, हे धम्मदीपाच्या आईला, सुकन्याबाईंना, मान्य होतं. त्यांनी लेकीची दुलई आणि दोन जाड पुस्तकं निमूटपणे बाहेर काढली आणि काकूंच्या पिशव्यांना जागा करून दिली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या शहरात एक तरी दार तुला उघडेल."

त्या एका दाराच्या भरवशावर धम्मदीपा आली होती. घरी तिला दीपा म्हणत. ती मुळात अबोल. कुणी बोललं तर बोलायची, नाहीतर आपलं काम बरं. नांदेडमध्ये हे खपून जायचं, कारण तिथे कुणी ना कुणी बोलायचंच.

हारबुर्गला, नदीच्या दक्षिणेला, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तिला खोली मिळाली. स्वयंपाकघर पाच जणांत मिळून एक. ती आली शनिवारी संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सगळी दुकानं बंद असतात हे तिला त्या दुसऱ्या दिवशीच समजलं. विमानात मिळालेला पाव तिने पर्समध्ये ठेवला होता, तो खाल्ला. कपाटात लाडू होते. कपाट उघडलं की काळ्या मसाल्याचा वास अंगावर यायचा. पण लाडू दुसऱ्याचे होते. तिने कपाट लावून घेतलं.

पुढच्या दिवसांत तिचा आवाज वापरला जायचा तो दुकानात 'हालो' आणि निघताना 'चुस' म्हणण्यापुरता. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. स्वयंपाकघरात एकदा शेजारच्या खोलीतली लिन भेटली. लिन चीनमधल्या चोंगचिंगची. इंग्रजी दोघींचंही बेताचं, त्यामुळे उलट सोपं गेलं.

"हे शहर फार मोठं आहे," दीपा म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

लिन हसली. "हे? माझ्या गावात एखाद्या इमारतीत खालच्या दारातून शिर, खूप मजले चढ आणि मागच्या दारातून बाहेर पड. तिथेही रस्ता, गाड्या, दुकानं. कॉलेजात जायला लागले तेव्हा मी रोज हरवायचे. इथे हरवायला जागा कुठे आहे?"

"मग इथे आल्यावर तू काय केलंस?"

"येईल त्या गाडीत बसले. शेवटपर्यंत गेले. तिकीट आपल्याकडे आहेच," लिन म्हणाली, आणि नूडल्सचा वाडगा उचलून आपल्या खोलीत गेली. दार आतून लागल्याचा आवाज आला.

दीपाने तेच करायला घेतलं. विद्यार्थ्यांच्या पासावर रेल्वे, बस, बंदरातल्या फेरीबोटी, सगळं चालायचं. ती गाड्यांच्या शेवटच्या स्टेशनांवर उतरायची, जरा फिरायची, तीच गाडी उलटी पकडायची. नदीखालच्या जुन्या बोगद्यातून ती चालत पलीकडे गेली. वर जहाजं चालली असतील या विचाराने तिला गंमत वाटली, आणि लगेच ती गंमत कुणाला सांगावी असा प्रश्न पडला. विटांच्या लाल गोदामांमधून कालवे गेलेले होते. पुलांवर माणसं एकमेकांचे फोटो काढत होती. एका जोडप्याने आपला फोन तिच्या हातात दिला, तिने फोटो काढून दिला, ते 'डांके' म्हणून निघून गेले. त्या दिवशी तिच्याशी बोललेली माणसं तेवढीच.

शैलाताईला तिने पहिल्याच दिवशी मेसेज केला होता. पाच दिवसांनी फोन आला.

"हां, बोल गं. सुकन्याताईंची ना तू? केवढीशी पाहिली होती तुला. आल्झो, तर ऐक. घरी बोलावलं असतं, पण सध्या इतकं चाललंय ना. सुखदेव महिनाभर फ्रान्सला, कंपनीच्या कामाला. मी, ऑफिस आणि अन्वीची शाळा. तू असं कर, बुधवारी साडेपाचला बंदरावर, लांडुंग्सब्र्युकेनला ये. तीन नंबरचा धक्का. मी रोज तिथूनच फेरी पकडते. दोन मिनिटांचं काम. तुलाही उगाच त्रास नको."

"त्रास नाही, ताई," दीपा म्हणाली.

"गेनाऊ, बरोबर. मग बुधवारी," शैलाताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर दीपा बराच वेळ पलंगावर बसून राहिली. तिने मनात काय काय रचलं होतं. शैलाताईचं घर, 'अगं, आत ये', पाण्याचा तांब्या, मग पिशव्या उघडताना दोघी जमिनीवर बसलेल्या, मग 'आता जेवूनच जा'. त्या सगळ्याची दोन मिनिटं झाली होती. पिशव्या द्यायच्या, आणि संपलं. मग या शहरात तिला ओळखणारं, किंवा निदान ओळखायला बांधलेलं असं कुणी राहणार नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी ती पिशव्या नीट लावत होती, तेव्हा तिची नजर आपल्या डब्याकडे गेली. स्टीलचा, कडीचा, आईच्या लग्नातला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'सुकन्या, मामांकडून'. त्यांच्या घरी कुणाचाही डबा रिकामा परत जात नसे. काकूंकडून वरण आलं तर जाताना त्यात चिंच जायची, शेवया जायच्या, नाहीतर चार मिरच्या. काहीच नसेल तर आई चिमूटभर साखर टाकायची. ही रीत काकूंचीही होती. म्हणजे शैलाताईचीही असणार.

दीपाने बरणी उघडली आणि एकेक लाडू उचलून डब्यात ठेवला. लाडू डब्यात बरोबर मावले. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. पण तिने कडी लावली. बरणी कपाटात मागे सरकवली.

बुधवारी पाऊस होता. धक्का पाण्यावर तरंगणारा, पायाखाली हळूहळू हलायचा. शैलाताई गर्दीतून पळतच आली. पिवळा रेनकोट, पाठीवर लॅपटॉपची सॅक, चेहरा थेट काकूंचा.

"आलीस? सापडलं ना? जय भीम गं बाई, आधी ते राहिलंच." तिने पिशवी घेतली, नाकाशी नेली आणि क्षणभर तशीच थांबली. "आईचा मसाला. उद्या सगळं ऑफिस विचारणार, शैला, हे कसलं परफ्यूम?" मग पिशवीत हात घालून तिने डबा चाचपला. "हा आईचा नाही."

"आमचा आहे. लाडू फुटतील म्हणून..."

"बरं केलंस. देते हां परत."

"सावकाश द्या, ताई. घाई नाही."

फेरीवरच्या माणसाने हाक दिली. शैलाताई फळीवरून आत गेली, काचेतून हात हलवला, आणि फेरी तिच्या घराकडे, फिंकेनवेर्डरच्या दिशेने निघाली. खरंच दोन मिनिटं झाली होती. पण या वेळी दीपाला तितकं वाईट वाटलं नाही. तिचा डबा फेरीत होता.

मग वाट पाहणं सुरू झालं. गाडीत, पुलावर, तळ्याकाठच्या बाकावर तिचा हात फोनकडे जायचा. गुरुवारी काही आलं नाही. शनिवार-रविवारी नक्की, असं तिने ठरवलं; तेही गेले. पुढचा आठवडा सुरू झाला. कॉलेजची ओळखपरेड झाली, तिथे सगळे आधीपासून एकमेकांना ओळखत असल्यासारखे हसत होते. दुपारी ती कागदात गुंडाळलेला पाव खायची.

"डब्यात काय नेतेस गं?" आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"पोळी-भाजी."

"पोळ्या जमतात?"

"जमतात की."

"मऊ होतात का?"

"आई, लेक्चर आहे," दीपा म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तिला शैलाताईचा राग यायला लागला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. लाडू बरणीत नीट होते. डबा घालवून बसली ती आईचा. पण मेसेज करून डबा मागायचा म्हणजे तर सगळंच तोडून टाकायचं. पुन्हा तोच धक्का, पुन्हा दोन मिनिटं.

एका शनिवारी दुपारी ती फेरीत बसली. विचारलं नाही, कळवलं नाही. नांदेडला कुणी कुणाकडे कळवून जात नाही. पत्ता काकूंनी दिलेला होता. वाटेत एका वाळूच्या काठाजवळ पर्यटक उतरून गेले; शेवटच्या धक्क्यावर उरली ती सामानाच्या पिशव्यांसह घरी निघालेली माणसं. त्यांच्यामागून ती चालत गेली.

इमारत तीन मजली होती. घरांना नंबर नव्हते, दाराशी घंटांची रांग आणि प्रत्येकीसमोर आडनाव. श्मिट, योहानसन, वाघमारे. ते आडनाव जर्मन अक्षरांत वाचून तिला उगाच धीर आला. तिने घंटा दाबली.

"हालो? वेअर इस्ट दा?" लहान मुलीचा आवाज.

कोण आहे, एवढं जर्मन तिला कळलं. काय सांगावं ते कळलं नाही. "मी दीपा," ती म्हणाली. "नांदेडची."

आतून दूर जाणारी हाक: "आई, नांदेड इस्ट दा!"

दार शैलाताईने उघडलं. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबती. मागे कपड्यांचा स्टँड, त्याच्याखाली पसरलेले बूट, आणि स्विमिंगची बॅग घेऊन उभी असलेली आठ वर्षांची अन्वी.

"अगं, फोन तरी करायचास," शैलाताई म्हणाली. रागाने नाही, पण तोंडून निघून गेलं. मग गडबडून, "ये, ये. आम्ही निघालोच होतो, हिचा क्लास. ये गं आत."

दीपा बूट हातात धरून आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा डबा होता. घासून लख्ख केलेला, झाकण शेजारी पालथं.

शैलाताईने तिची नजर पाहिली.

"बघ, तिथेच आहे. दुसऱ्याच दिवशी घासला. रोज म्हणते, आज काहीतरी करते आणि भरून देते. रिकामा कसा देऊ? आणि करायला वेळ कुठे आहे मला. संध्याकाळी येते तर ही भुकेलेली, पास्ता टाकते की झालं. आता तर तुला मेसेज करायचीही लाज वाटायला लागली. तू म्हणशील, डबाच ठेवून घेतला बाईने."

अन्वी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. शैलाताईने तिच्या पाठीत हलकीच चापट मारली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आई रोज त्या डब्याला सॉरी म्हणते."

दीपा हसली, आणि मग तिला हसता येईना. जो डबा तिने या घराला बांधून ठेवायला पाठवला, त्यानेच इतके दिवस हे दार बंद ठेवलं होतं.

शैलाताईने घड्याळ पाहिलं. "थांब, निदान साखर तरी घालते," ती म्हणाली आणि कपाटातून बरणी काढली. चिमूट भरली.

त्या चिमटीकडे दीपा पाहत राहिली. साखर घातली की रीत पुरी होते. डबा हातात, कोट अंगात, खाली रस्त्यावर निरोप.

"साखर नको, ताई."

"अगं, रिकामा..."

"राहू दे इथेच. वेळ मिळेल तेव्हा भरा."

"आणि तू दुपारचं कशात नेतेस?"

"कागदात."

शैलाताईचा हात तसाच राहिला. "आई काल फोनवर विचारत होती," ती सावकाश म्हणाली, "लाडवांची बरणी चांगली आहे का, नवीनच घेतली होती म्हणे. मी म्हटलं, कुठली बरणी?"

दीपाने बुटांकडे पाहिलं. "माझ्या खोलीत आहे."

"हं."

शैलाताईने चिमूट परत साखरेच्या बरणीत झटकली, झाकण लावलं आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरपाशी गेली. जवळजवळ सगळे चौकोन भरलेले होते. तिचं बोट त्यांवरून खाली सरकत गेलं. "हा रविवार वाढदिवस, हिच्या मैत्रिणीचा. पुढच्यात सुखदेव येतो, त्याचं सामान, कपडे... त्याच्या पुढचा. त्या दिवशी जेवायला ये. मिळून काहीतरी करू, आणि डबाही तेव्हाच भरू." तिने पेन घेऊन चौकोनात लिहिलं.

अन्वीने टाचा उंचावून ती अक्षरं पाहिली. देवनागरी तिला येत नसावी. तिने आईकडे पाहिलं.

"बेझूख," शैलाताई म्हणाली. "पाहुणे."

खाली उतरल्यावर त्या दोघी बसकडे पळाल्या आणि दीपा धक्क्याकडे वळली. परतीच्या फेरीत ती बाहेर, वाऱ्यात बसली. हात मोकळे होते, ते कुठे ठेवावेत कळेना. तो रविवार खूप लांब होता. मधले सगळे दिवस होते तसेच असणार होते: गाडी, वर्ग, कागदातला पाव, बंद दारं.

वसतिगृहात आल्यावर तिने कपाटातली बरणी काढली. तळाला तीळ चिकटलेले होते. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. लिनच्या दाराखालून उजेड दिसत होता. दीपाने बरणी धुतली, पुसली आणि खिडकीत पालथी ठेवली. ती काकूंची होती, म्हणजे शैलाताईकडे परत जायला हवी. आणि तीही रिकामी नेता येणार नव्हती. तिला तर धड पोळीही येत नव्हती.

लिनला काय काय करता येतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. ती थोडा वेळ त्या उजेडाकडे पाहत उभी राहिली, मग तांदूळ धुवायला लागली. नेहमीपेक्षा एक मूठ जास्त.