गुणाबाईंनी दिलेलं कापड

“चंद्रा आता शालंत न्हाय येनार, बाई. घरीच ठेवलीय तिला,” ठकुबाई लेकीबद्दल एवढंच बोलली आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

गुणाबाईंनी तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. भिवंडीतल्या मुलींच्या शाळेत त्या शिपाई होत्या. हक्काची रजा टाकून, अंबाडीला एसटीतून उतरून, दोन मैल पायपीट करत त्या आल्या होत्या, ते काही पाणी प्यायला नव्हे.

वर्गात एखादीला अचानक पाळी आली की ती गुणाबाईंना गाठायची. शिकवणाऱ्या बाईंना सांगायची लाज. घंटा देणाऱ्या बाईची कसली आलीय लाज? नवरा कापड विणायच्या कारखान्यात होता. लूमवरचे उरलेले कापडाचे तुकडे तो आणायचा, ते गुणाबाई पोरींसाठी ठेवत. गेल्या सोमवारी नववीतल्या चंद्राला त्यांनी त्यातलाच एक दिला. नवाकोरा, गुळगुळीत. तासाभरात फळ्यापाशी उभ्या असलेल्या पोरीचा स्कर्ट भरला. वर्ग हसला. चंद्रा घरी गेली ती गेलीच.

नवऱ्याने मग सांगितलं, लूमवर हल्ली सुताऐवजी पॉलिस्टर लागतं. सगळा जन्म भिवंडीत काढला आणि एवढं कळू नये? गुणाबाई स्वतःवरच भडकल्या होत्या.

ओट्यावर चंद्राचा बाप, चिंधू, बसला होता. बायका चार दिवस बाजूला बसतात एवढंच पुरुषाने बघायचं, विचारायचं काही नाही. ठकुबाई डोळ्यांनीच नको नको म्हणत होती.

गुणाबाईंनी पिशवीतून दोन तुकडे काढले. “भाऊ, जरा बघा इकडं.”

पहिल्या तुकड्यावर पाणी ओतलं. ते घरंगळून थेट चिंधूच्या पायावर गेलं. दुसऱ्या, सुती तुकड्यावर ओतलं. ते तिथल्या तिथे जिरलं.

“पहिल्यातलं दिलं मी तिला, न पारखता. चूक माझी हाय. शिक्षा पोरीला कशापायी?”

“पन पोरी हसल्या ना तिला,” ठकुबाई पुटपुटली.

“त्यांचं मी बघितलंय. त्यातल्या दोघी अजून माझ्यासमोरून जात न्हाईत.”

दाराआड कुणीतरी नाक ओढलं.

चिंधू उठून आत गेला. संपलं, गुणाबाईंना वाटलं, आणि त्यांना रडूच आलं.

तो बाहेर आला तेव्हा हातात लग्नकार्याला नेसायचं धोतर होतं, स्वच्छ धुतलेलं. त्याने काठ चाचपला आणि ते उभं टरकावलं.

“ये सुताचं हाय,” तो बायकोला म्हणाला. मग दाराकडे न बघताच त्याने विचारलं, “सकालची यष्टी किती वाजता असते गं?”

“सातला,” आतून आवाज आला.