काचेआडचा बदाम

आमच्या चर्चमध्ये मरियामातेच्या चित्राच्या डाव्या हाताला मखमली फळ्यांवर लोकांनी वाहिलेली चांदी टांगलेली आहे. चांदीचे पाय, चांदीचे डोळे, पाळणे, एक घोडासुद्धा आहे. त्यात खालून दुसऱ्या फळीवर एक बदाम आहे, पत्त्यांत असतो तसा, तळहाताएवढा. त्यावर कोरलंय, ‘तिमेक वाचला. आई, तुझे उपकार.’

तिमेक वाचला नाही. तो माझा मुलगा, आणि तो बदाम मी वाहिलेला. सीमेवरच्या आमच्या पोलिश शहरात, प्शेमिश्लच्या जुन्या गावात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून येणाऱ्यांना कुठून असणार? ते येतात, माना वर करून छत बघतात, मग फळ्यांपाशी येऊन माझं वाक्य वाचतात आणि डोळे पुसतात. इतकी वर्षं माझं खोटं देवाच्या घरात चकचकतंय. मला ते खाली उतरवायचं होतं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं माझं.

ते वर गेलं कसं, ते आधी सांगते. तिमेकला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा तो चौथीत होता. हिवाळाभर औषधं चढवली. उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त सध्या स्वच्छ दिसतंय. पण घाई नको, वर्षअखेरपर्यंत बघू." मी घरी सगळ्यांना ‘स्वच्छ’ एवढंच सांगितलं. ‘सध्या’ माझ्यापाशी ठेवलं. आणि त्या ‘सध्या’च्या भीतीनंच मी घाई केली. आमच्याकडे मागणं पुरं झालं, की मग चांदी वाहतात. मी ठरवलं, आधीच वाहायची. चारचौघांत असे वाजतगाजत आभार मानायचे, की देवाला मागे फिरायची लाज वाटली पाहिजे. त्याला मिंधं करून टाकायचं.

माझा नवरा इग्नात्सी म्हणाला, "अगं, थांब जरा. डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टर काय देव आहेत?"

"नाहीत. पण तूही नाहीस."

आईचे चांदीचे चमचे घेऊन मी चौकामागच्या गल्लीतल्या सोनाराकडे गेले. म्हातारा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "पोरगा नक्की वाचला ना, बाई? चांदीवर कोरलेलं मला पुसता येत नाही."

"तुम्ही कोरा," मी म्हटलं.

ऑगस्टातल्या मरियामातेच्या सणाला तिमेकनं स्वतः तो बदाम उशीवर ठेवून वेदीपर्यंत नेला. डोक्यावर नुकतीच केसांची लव आली होती, ती लपवायला घातलेली टोपी आत शिरताना काढावी लागली म्हणून रुसला होता. सगळ्या बायका रडल्या. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत त्याला ताप भरला. पुढचा ईस्टर त्यानं पाहिला नाही. इग्नात्सी नॉर्वेला जहाजं बांधायच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला. जाताना त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर निदान भांडता आलं असतं.

मी मात्र चर्चमध्ये जायचं थांबवलं नाही. भक्तीनं नव्हे, रागानं जात होते. माणसाला रडायला एखादी साधी भिंत लागते, आणि आमच्या त्या चर्चमध्ये हातभर साधी भिंत नाही. पीळ घातलेले खांब, त्यांवर सोन्याची द्राक्षं, खांबांवर गुबगुबीत देवदूत, देवदूतांवर ढग, आणि ढगांतून पाय लोंबकळत बसलेले संत. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे बांधलं, त्यांना वाटलं असणार, एवढा डामडौल केला की मरण दारातूनच परत जाईल. माझ्यासारखेच शहाणे! त्या देवदूतांतला एकही आजारी दिसत नाही. सगळे जेवून तृप्त.

जुन्या फादरांकडे मी बदाम परत मागितला होता. ते म्हणाले, "बोगुमिवाबाई, तो आता तुमचा नाही, मातेचा आहे. आणि लोकांना त्यातून धीर मिळतो."

"खोट्यातून?"

"मी धीर म्हणालो," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

यंदा चर्चची दुरुस्ती निघाली. परांच्या चढल्या, देवदूतांना नवं सोनं लागलं, आणि चांदी पुसून फळ्यांवर काच बसवायचं ठरलं, कारण हल्ली चोऱ्या होतात. नवे फादर अन्झेल्म वयानं लहान, अजून कुणाला नाही म्हणायला शिकायचे होते. मी गेले, सगळं सांगितलं. बिचारे कानांपर्यंत लाल झाले. "सणाच्या आदल्या दिवशी दुपारी काच बसते आहे," ते म्हणाले. "त्याआधी झेनॉनकडून उतरवून घ्या. एकदा काच बसली की मलाही उघडता येणार नाही, चाव्या बिशपांच्या कचेरीत राहणार. आणि मी काही बघितलेलं नाही."

सण म्हणजे सप्टेंबरातला, पेरणीच्या दाण्यांना आशीर्वाद देतात तो. आदल्या दिवशी मी चढ चढून वर गेले तेव्हा दारात बायका गव्हाच्या जुड्या बांधत होत्या. काचवाले बाहेर पायरीवर बसून पाव आणि सॉसेज खात होते. काच भिंतीला टेकवून ठेवली होती.

झेनॉन चर्चची सगळी व्यवस्था बघतो. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, त्यामुळे आमच्यात अदबीचं नाव नाही. मरियामातेचं चित्र एरवी झाकलेलं असतं; प्रार्थनेच्या वेळी त्यावरचा पत्र्याचा पडदा हातानं दांडा फिरवून तोच वर घेतो. पडदा वर जाताना तुतारी वाजते; तुतारीवाला म्हातारा वारल्यापासून तिची टेपही तोच लावतो.

"आलीस? ये," तो म्हणाला. "शिडी आणलीय, पकड आणलीय. गुडघा तेवढा घरी ठेवून यायला हवा होता."

"तुझ्या गुडघ्याचं कौतुक नंतर. चढ."

"शाळेतही अशीच होतीस. बघ हं, बोगुशा, एकदा काढला की काढला."

"मला माहितीय काय ते. चढ म्हटलं ना!"

तो कुरकुरत चढला. पकडीनं बदामाची तार तोडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, तो नको! तो काढू नका!"

खांबाच्या सावलीतल्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, माझं लक्षच गेलं नव्हतं. सीमेपलीकडच्या देशात युद्ध सुरू झाल्यावर तिकडून आलेल्यांपैकी असावी, तिकडच्या पोलिश वस्तीतली. बोलण्यात तो हेल होता. हातात इस्पितळात नेतात तशी पिशवी, वरून सपाता डोकावत होत्या, लहान मापाच्या.

"काच बसवतायत," झेनॉन वरून म्हणाला. "हलवाहलव चाललीय."

"मग परत लावणार ना? तिथंच?" ती शिडीशी आली. "माझी लिदका खाली इस्पितळात आहे. मूत्रपिंडं गेलीत तिची. मी रोज आधी इथं येते, मग तिच्याकडे जाते. बाकीचे नुसते हातपाय आहेत हो, कुणाचे काय कळत नाही. यावर नाव आहे. मी आईला सांगते, जसं तिमेकचं केलंस तसं कर." ती थोडी ओशाळली. "वेड्यासारखं वाटत असेल तुम्हाला. तुम्ही इथल्याच ना? हा तिमेक कोण, माहीत आहे?"

झेनॉननं माझ्याकडे बघितलं. पकड तशीच हवेत.

"माझा मुलगा," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले. थंडगार हात होते तिचे. "तुमचा? खरंच? किती वर्षांचा आहे आता?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे जशी बघत होती, तशी मी कधीकाळी त्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत असे.

"अठराचा होईल," मी म्हटलं.

"आणि कसा आहे?"

"कसा असणार! जेवत नाही नीट. ताटात अर्धं टाकून उठतो. केस इथपर्यंत वाढवलेत, काप म्हटलं की दार आपटतो."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. आणि मला, काय सांगू, मला बरं वाटलं. तो दार आपटून गेलेला पोरगा मला दिसला. घरी जाऊन त्याच्यासाठी काहीतरी रांधावं असं वाटलं. इतक्या वर्षांत एवढं सुख मला झालं नव्हतं, आणि ते मी तिच्याकडून चोरून घेतलं.

मग तिनं गळ्यातली चांदीची साखळी काढली. "मी ही आत्ताच वाहते. तुम्ही आधी वाहिलंत की नंतर?"

"नंतर," मी झटकन म्हटलं. "नंतरच वाहायचं असतं. ठेव ती गळ्यात. ऐक माझं."

तिनं ऐकलं. तेवढं एकच बरं काम माझ्या हातून त्या दिवशी झालं, असं मला वाटत होतं. ती गेली, साबिना नाव सांगून गेली. झेनॉन शिडीवरच होता.

"काय करू? पटकन सांग, काचवाले हात धुतायत."

"उद्या ती परत येईल."

"म्हणजे राहू दे?"

मी खालून शिडी धरली, त्याला उतरता यावं म्हणून. तो खाली उतरला आणि पकड खिशात घातली. काचवाले आले, चारही कोपरे आवळले, कुलपं घातली. पुसलेल्या चांदीवर माझं वाक्य आता पाठीमागच्या बाकांवरूनही वाचता येत होतं.

साबिनाला टाळायला मी पहाटेची प्रार्थना सोडली. नंतर एकदा झेनॉनला विचारलं, तर म्हणाला, हल्ली दिसत नाही. मी म्हटलं, पोरगी बरी झाली असेल, घरी नेलं असेल. "असेल," तो म्हणाला आणि देवदूतांवरची धूळ झटकत राहिला.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मेलेल्यांची आठवण काढायच्या सणाला, सगळं गाव दफनभूमीत असतं. शेवंतीची फुलं, काचेच्या दिव्यांतल्या मेणबत्त्या, गर्दीत कोण कुणाला भेटेल सांगता येत नाही. हे मला कळायला नको होतं? आमच्याकडे या दिवशी कुणाचंच मरण लपत नाही. मी तिमेकच्या कबरीवरचा दगड ओल्या फडक्यानं पुसत होते. दगडावर त्याचा फोटो आहे, टोपी घातलेला, आणि खाली नाव आणि दोन तारखा.

वाटेवर कुणीतरी थांबलं. आधी पिशवी दिसली. तीच पिशवी. वर सपाता नव्हत्या, मेणबत्त्या होत्या. गळ्यात साखळी होती.

साबिनानं फोटो बघितला. नाव वाचलं. तारखा वाचल्या, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखे ओठ हलवत. मग माझ्याकडे बघितलं. ती ओरडेल, मारेल, असं मला वाटलं. मारायला हवं होतं तिनं.

"जेवत नाही नीट, म्हणालात," ती म्हणाली.

मी फडकं पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"रात्री ती म्हणायची, आई, तिमेकची गोष्ट सांग. मी सांगायची. दार कसं आपटतो ते." तिचा आवाज चढला नाही. "शेवटच्या दिवशी मी तिला म्हटलं, बाळा, तो वाचला, तूही वाचशील. आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं हो. तिला कळलं होतं आणि मी आपली तिला तुमच्या मुलाचं सांगत बसले. तिला निरोप द्यायचा राहिला माझा."

मी तिचं नाव घेतलं.

वारा सुटला होता. तिनं खिसे चाचपले. "काडेपेटी आहे?" तिनं विचारलं.

मी माझी काढून दिली. ती घेऊन ती रांगेच्या टोकाला गेली, जिथं अजून दगड बसलेला नाही असा मातीचा ढिगारा होता, लहान मापाचा. तिथं ओणवी होऊन एकेक मेणबत्ती लावत बसली. काडेपेटी परत द्यायला ती आली नाही, आणि मी मागायला गेले नाही. आजूबाजूला सगळ्या कबरी उजळल्या होत्या. शेजारच्या कुणीही मला काडी दिली असती. तिमेकचा दिवा मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत मी बसून राहिले, आणि तो तसाच, न लावता, घरी परत आणला.