सहीनंतरही उरणारी बाकी

शुक्रवारी सकाळी साडेदहाला जिल्हा कोर्टात रॉडनी स्ट्रिकलंडने मुलीवरचा बापाचा हक्क सोडण्याच्या कागदावर सही करायला पेन उचललं. अकरा वाजता ते पेन टेबलावर होतं, टोपण काढलेलं. सही झालेली नव्हती.

ठरलेलं साधं होतं. नऊ वर्षांची टेसा आई लॅसी आणि सावत्र बाप ग्रँट हॉलंडकडे राहते. ग्रँटला तिला दत्तक घ्यायचं होतं, त्यासाठी रॉडनीने बाजूला व्हायचं. त्याची पोटगीची थकबाकी एकोणीस हजार डॉलरवर गेलेली. त्यापायी गाडीचं लायसन्स निलंबित, आणि त्याचा धंदा ट्रक चालवण्याचा. ओक्लाहोमाच्या या भागात त्यानंतर उरतं ते कोंबड्या कापण्याच्या कारखान्यातलं काम. दोन रविवारांपूर्वी चर्चच्या पार्किंगमध्ये लॅसी त्याला म्हणाली होती, "तू सही कर, मी बाकी सोडते. फिटंफाट. फक्त जजने विचारलं की कुणी काही देऊ केलंय का, तर नाही म्हण."

जज केंप अशा प्रत्येक सुनावणीत हे विचारतात.

"मिस्टर स्ट्रिकलंड, या सहीच्या बदल्यात तुम्हाला कुणी काही देऊ केलंय?"

रॉडनी टोपीची कड चुरगळत राहिला. "मी मघाशी शपथ घेतलीय ना, साहेब?"

"घेतलीय."

"मग हो. बाकी माफ होणार आहे. लायसन्स परत मिळणार आहे."

लॅसीने डोळे मिटून घेतले. "एवढंसं जमलं नाही ह्याला," ग्रँट पुटपुटला.

"माफ कोण करणार?"

"ही."

जज लॅसीकडे वळले. "बाई, मधल्या काळात तुम्ही सरकारी मदत घेतली होती?"

"दोन वर्षं. एकटी होते तेव्हा."

"मग त्या दोन वर्षांची पोटगी सरकारची. ती तुम्हाला सोडता येत नाही. तुमच्या वाट्याची तेवढी येते." मग रॉडनीला म्हणाले, "सही केलीत तर पुढची पोटगी थांबेल. मागची नाही. मुलगी तुमची राहणार नाही, देणं राहील."

"किती?"

"बाराएक हजार," पोटगी खात्यातर्फे आलेली सरकारी वकील म्हणाली.

"आणि लायसन्स?"

"ते पोटगी खातं ठरवेल. देणं असेपर्यंत मी काही कबूल करू शकत नाही," जज म्हणाले.

रॉडनीने मान वळवली. "लॅसी, तुला माहीत होतं?"

"मंगळवारी कळलं."

"आज शुक्रवार आहे."

"सांगितलं असतं तर तू आलाच नसतास."

"नसतोच आलो."

"एरवी तरी कुठे येतोस?" ग्रँट म्हणाला. "तिच्या वाढदिवसाला कुठे होतास?"

"गाडी चालवायची बंदी आहे मला. चाळीस मैल रांगत येऊ?"

जजनी दोघांना गप्प केलं आणि सुनावणी एक वाजेपर्यंत थांबवली.

बाहेरच्या बाकावर टेसा पिवळ्या फ्रॉकमध्ये ग्रँटच्या आईशेजारी बसली होती. मांडीवर केकचा डबा. पारदर्शक झाकणातून निळ्या क्रीममधलं नाव दिसत होतं: टेसा हॉलंड.

"रॉडनी, झालं का?" तिने विचारलं. बाबा ती ग्रँटला म्हणते.

"नाही अजून."

"आजी म्हणते, झाल्याशिवाय कापायचा नाही."

रॉडनीने केकवरचं नाव वाचलं. "छान लिहिलंय."

"तुला ठेवू एक तुकडा? कोपऱ्यातला? त्याच्यावर क्रीम जास्त असतं."

 तो टोपी डोक्यावर घालून जिना उतरून गेला.

त्याला सकाळी बहिणीने, बेव्हने, तिच्या पिकअपमधून आणलं होतं. एक वाजता सगळे आपापल्या जागी परतले. कागद टेबलावर, पेन त्याच्यावर आडवं. रॉडनीची खुर्ची रिकामी. जजनी शिपायाला खिडकीतून बघायला सांगितलं.

"बहीण पिकअपच्या बाहेर उभी राहून सिगारेट ओढतेय," शिपाई म्हणाला. "तो मघाशी बाजूच्या सीटवर होता. आता स्टिअरिंगमागे सरकलाय."

"इंजिन?"

"अजून बंद आहे, साहेब."