मार्चचे सत्तावीस शिक्के

तोमोए कुवाबारा मिनेओकाच्या नगर कार्यालयात आरोग्यसेविका होती आणि त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिचा अहवाल नगरसभेपुढे जाणार होता. गावातल्या दोनशे बारा म्हाताऱ्यांची दोन वर्षांची कार्डं तिने एकेक करून तपासली होती. रोज सकाळी साडेसहाला देवळाच्या आवारात रेडिओवर कवायत लागते. जो येईल त्याच्या कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात लाल शिक्का बसतो. ज्यांचे शिक्के जास्त, ते इस्पितळात कमी गेलेले. आकडे इतके देखणे आले होते की तिचा तिलाच हेवा वाटला.

विभागप्रमुख इसोगाई तर हरखूनच गेले. "म्हणजे ज्यांची कार्डं भरलेली, ते ठणठणीत. मग त्यांच्या घरी दर आठवड्याला माणूस कशाला पाठवायचा?" जानेवारीपासून या भेटी त्यांनी प्रयोग म्हणून थांबवल्याच होत्या. शुक्रवारी सभेने हो म्हटलं की कायमच्या बंद.

अहवालाच्या शेवटी तोमोएने एक ओळ लिहिली होती: या दोन गोष्टी बरोबरीने चालतात, पण एकीमुळे दुसरी होते असं यातून सिद्ध होत नाही. इसोगाईंनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "हे वाचून सभासद उगाच गोंधळतात." ओळ त्यांनी खोडली नाही. तोमोएनेच खोडली. साहेबांची मर्जी राखायची तिची जुनी खोड.

शुक्रवारी सकाळी अहवालाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला ती देवळात गेली. जेमतेम तीस जण हात वर-खाली करत होते. कवायत संपली तशी उमेनोबाई शिक्क्याच्या टेबलाशी आल्या. वय एकोणऐंशी, जीभ मात्र अजून तरणीताठी. त्यांनी पिशवीतून रबर लावलेली कार्डांची गड्डी काढली आणि धडाधड शिक्के मारायला सुरुवात केली.

"उमेनो-सान, ही कुणाची कार्डं?"

"शेजारपाजारची. सात आहेत. येववत नाही बिचाऱ्यांना."

"आले नाहीत तर शिक्का कसा?"

"मग काय, चौकोन रिकामा ठेवू? वर्षअखेरीला सभागृहात कार्ड भरलेल्यांची नावं लागतात. आमच्या गल्लीतलं एखादं नाव गळलं तर बरं दिसेल? माझ्या सासूपासून चालत आलंय हे. तुम्हा ऑफिसवाल्यांना एवढंही ठाऊक नाही?"

वरचं कार्ड हात्सुए सायगुसा यांचं होतं, वय शहाऐंशी. मार्चचे आजवरचे सत्तावीस दिवस, सत्तावीस शिक्के.  तोमोए तशीच त्यांच्या घरी गेली.

दाराच्या आत हात्सुए आजींचे कापडी बूट नीट जोडून ठेवले होते. त्यांत कोळ्याने जाळं विणलं होतं. आजी आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या.

"फेब्रुवारीत न्हाणीघरात पडले गं. कुणाला त्रास कशाला, म्हणून बोलले नाही."

"डॉक्टर?"

"उमेनो आहे ना. दोन्ही वेळा पेज आणते, कंबर शेकते. जाताना माझं कार्ड नेते." मग त्यांचा चेहरा पडला. "पण एकतीस तारखेला ती लेकाकडे सेंदाईला चालली, कायमची. आता माझे शिक्के कोण मारणार?"

तोमोएला लख्ख दिसलं. तिने व्यायाम मोजलाच नव्हता. कार्ड न्यायला कुणी आहे की नाही, एवढंच त्या शिक्क्यांवरून कळत होतं. ज्यांना अशी एखादी उमेनो होती त्यांना पेजही मिळत होती, म्हणून त्यांना इस्पितळ लागत नव्हतं. आणि त्या एका शेजारणीच्या जिवावर तिने कार्यालयाच्या माणसांचं येणं बंद करायला निघालेला कागद लिहिला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"आकडे चुकलेत का?" दुपारी सभागृहाबाहेर तिचं सगळं ऐकून इसोगाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही, साहेब. आकडे बरोबर आहेत. आपण मोजलं एक आणि लिहिलं दुसरंच."

"अहवालावर नाव तुमचं आहे. तोंडघशी तुम्हीच पडाल."

"म्हणून तर मलाच बोलायला हवं."

ती बोलली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलंही. पण खोडलेली ओळ तिने मोठ्याने वाचली आणि मग बुटांतल्या जाळ्याविषयी सांगितलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. प्रत्येक घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भेटी बंद करायच्या नाहीत, असं ठरलं. दुसऱ्याचा शिक्का मारायलाही बंदी आली. इसोगाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. उमेनोबाईंनी तर जाता जाता सुनावलं, "चाळीस वर्षं शेजारधर्म केला, तो तुम्ही चोरी ठरवलात."

एक एप्रिलला तोमोए हात्सुए आजींकडे गेली. आजींच्या हातात नवं कोरं कार्ड होतं.

"आज शिक्का नाही?"

"नाही, आजी. आज मी आलेय."

आजी जरा हसल्या. "परत कधी येशील?"

"पुढच्या बुधवारी."

"हं." त्यांनी कार्ड उशाशी पालथं ठेवलं. "उमेनो दिवसातून दोनदा यायची."

 तोमोएच्या यादीत अजून साठ घरं होती. तरी ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पेजेसाठी तांदळाचा डबा शोधू लागली.